गोडादऱ्यातला चौथा प्लग

नाशिकहून पहाटे निघाले तेव्हा शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "एकट्याच? तेही गाडी घेऊन?" मी म्हटलं, "मग काय डोक्यावर घेऊन जाऊ?" आणि चावी फिरवली. नव्वदीच्या दशकात बाईमाणसाने एकटीने गाडी हाकत सुरत गाठायची, हे लोकांच्या पचनी पडायला जरा जडच जायचं. पण बसवाल्यांचा संप चालू होता आणि आगगाडीने जायचं तर केवढा मोठा वळसा. माझी भाची मनीषा सोमवारी सकाळी नाशिकच्या नर्सिंग कॉलेजात हजर झाली नाही, तर तिची जागा दुसरीला जाणार होती. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ रमेश, सुरतेतच उधन्याला यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारा) होता. तिला घेऊन यायला मी शनिवारीच निघाले होते.

सापुताऱ्याच्या चढावर गाडी आचके देऊ लागली. वघईला सागाच्या सावलीत एक चहाची टपरी दिसली, तिथे थांबले. टपरीवाला इंजिनाचा आवाज ऐकत म्हणाला, "बेन, एक प्लग मरी गयो छे" (एक प्लग मेलाय). मलाही तोच संशय होता. आमच्या ह्यांनी गाडीची चावी माझ्या हातात देण्याआधी अंगणात बसवून माझ्याकडून चार वेळा प्लग काढून घेतले होते. तेव्हा राग आला होता, वघईला आला नाही. टपरीवाल्याचा आलं घातलेला गोडमिट्ट चहा प्यायले आणि उरलेल्या तीन प्लगांवर रखडत, धापा टाकत दुपारी सुरतेत शिरले.

उधन्यापासून मागांची खडखड सुरू होते. आधी ती कानात बसते, मग दातांत. गोडादऱ्याला रमेशच्या गल्लीत पोचले तर तिथे सगळी आमच्या माहेरकडचीच माणसं, कोणी शिरपूरचं, कोणी साक्रीचं. ओट्यावरच्या एका म्हातारीने विचारलं, "कशी शेस व माय?" (कशी आहेस गं बाई?) आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मंदाने, माझ्या भावजयीने, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा वाढला. वर रमेशने चौकातून लोचो (वाफवलेल्या डाळीचा मऊ, तिखट पदार्थ) आणला. दोन्ही एका ताटात घेऊन मी यथेच्छ जेवले.

कोपऱ्यात मनीषाची पत्र्याची पेटी तयार होती. तिच्यावर नायलॉनच्या दोरीचे इतके वेढे आणि इतक्या गाठी, की आत सोनंनाणं आहे की काय असं वाटावं.

"अरे रमेश, हे उघडणार कोण?"

"वाटेत उघडायलाच नको, ताई."

"आणि तिथे पोचल्यावर?"

तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "इथंच काहीतरी शिकली असती तर काय बिघडलं असतं? नाशिकला तिला कोण बघणार?"

"मी काय मेले?" मी म्हटलं. मनीषा खाली मान घालून हसली. रमेश मात्र हसला नाही.

रविवारी सकाळी मी प्लग बदलायला निघाले, तर त्याने माझ्या हातातून पानाच काढून घेतला. बहीण पाहुणी आलेली, ती गल्लीत बॉनेटखाली वाकणार आणि भाऊ ओट्यावर बसून बघणार? त्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. नवे चार प्लग त्यानेच आणले. जुने काढले, फडक्याने जागा पुसली. तिथवर सगळं ठीक. पण प्लग आत बसला, तरी त्याचा हात थांबेना. त्याने पान्याच्या दांड्याला हातभर लांब पाईप घातला. पाईप लावला की जोर दुप्पट होतो.

"अरे, बोटांनी फिरेल तितका फिरव," मी ओरडले. "वॉशर टेकला की पान्याने थोडंसंच, घड्याळाच्या काट्याने पाव तास पुढे जावं तेवढं! हे अ‍ॅल्युमिनियम आहे, तुझा माग नाही."

"तू माले शिकाडस का?" (तू मला शिकवतेस?) तो म्हणाला. तीन प्लग त्याने तसेच आवळले. चौथ्याला मी पुढे होऊन पाईप धरला, तोवर आतून मऊसा कर्र आवाज आला. पाना सैल पडून गोल गोल फिरू लागला. आतले आटे साफ सोलले गेले होते. आता तिथे प्लग टिकणार नव्हता, आणि गाडी घाट चढणार नव्हती.

मनीषा दारातच उभी होती. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की समोरच्या खिडक्या उघडल्या. "पप्पा, तुम्ही मुद्दाम केलं! मला जाऊच द्यायचं नव्हतं तुम्हाला!"

रमेशचा चेहरा उतरला. तो तिथेच पायरीवर बसला, हातातला पाना तसाच. मला त्याचा संताप आला होता, पण त्याला तसा बसलेला बघून मी नुसता पाना त्याच्या हातातून काढून घेतला. मी म्हटलं, "ऊठ. उधन्याला आटे पाडून देणारा कोणी टर्नर असेल ना तुझ्या ओळखीचा?"

रिक्षाने निघालो. रविवार असूनही कितीतरी कारखान्यांत माग चालूच होते. रमेश माझ्या कानाशी येऊन ओरडून बोलत होता. "ताई, मागावर काही सैल राहिलं ना, की धोटा (मागात सूत नेणारा लाकडी तुकडा) उडतो. माझ्या शेजारच्या मागावरच्या माणसाचा डोळा गेला. बोल्ट मीच लावला होता." मग आवाज उतरवून म्हणाला, ते मला ओठांवरूनच कळलं, "तवापासून मना हातले हाईच सवय शे" (तेव्हापासून माझ्या हाताला हीच सवय आहे). एवढ्या वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. मी त्याचा हात धरला, तो धरूनच बसले.

टर्नरचं शटर अर्धं खाली होतं. सगळं ऐकून घेऊन तो एवढंच म्हणाला, "थई जशे, बेन" (होईल, ताई). हत्यारांची पिशवी घेऊन तो आमच्याबरोबरच आला. बिघडलेलं भोक त्याने मोठं केलं, कीस इंजिनात पडू नये म्हणून हत्याराला ग्रीस थापून नवे आटे पाडले आणि त्यात आतून-बाहेरून आटे असलेला बुश बसवला. तोवर मी उरलेले तीन प्लग अलगद सोडवून पाहिले. नशीब, त्यांचे आटे शाबूत होते.

चौथा प्लग रमेशने उचलला आणि मनीषापुढे धरला. "तू बसव."

ती अजून रुसलेलीच होती. तरी पुढे आली. बोटांनी प्लग फिरवत गेली, थांबली, मग पाना घेऊन किंचित वळवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. रमेशचा हात आपोआप पुढे आला होता. त्याने तो मागे घेऊन पँटच्या खिशात घातला. "बस?" त्याने विचारलं. "बस," मी म्हटलं. बाकीचे तीनही तिनेच बसवले. गाडीने पहिल्याच चावीला आवाज धरला आणि गल्लीतली म्हातारी म्हणाली, "चालनी बरं माय!" (चालली बरं बाई!)

निघताना आम्ही दोघी चहा पीत होतो, तेव्हा पेटी गाडीत ठेवायला म्हणून रमेश एकटाच आत गेला. बराच वेळ आला नाही. मंदाने डबा दिला, पदराने डोळे पुसले. रमेशने मात्र टपावर थाप मारली आणि "जा आता, उजेडात घाट गाठा," म्हणाला.

सापुताऱ्याचा घाट गाडीने एका दमात चढला. मनीषा बाहेर बघत होती. मी मनात तोच बोल्ट घोळवत होते. त्या माणसाचा डोळा गेला म्हणून आपला भाऊ सगळंच आवळत राहिला, लोखंडही आणि लेकही, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत बसलो. पण हे मी तिला सांगितलं नाही. त्याचं त्याने सांगावं.

रात्री घरी पोचलो, पेटी गाडीतच राहू दिली, आणि सोमवारी सकाळी कॉलेजात वेळेत हजर झालो. होस्टेलच्या बाई घाईत होत्या, पेट्या तपासायच्या होत्या. मी वैतागून कात्री शोधू लागले, तोवर मनीषा खाली वाकली. परवाचे वेढे, परवाच्या गाठी, काहीच नव्हतं. दोरी एकेरी होती, वर एकच गाठ, आणि तिचं एक टोक मुद्दाम लांब सोडलेलं. तिने ते ओढलं. सगळी दोरी सळकन खाली पडली.

ते टोक हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग नाक ओढत म्हणाली, "आत्या, आधी एसटीडीवर जाऊ या. पप्पांना सांगायचंय, गाठ एका हाताने सुटली."