तबकडीतली मोकळी जागा

चौपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. आलापल्लीच्या जंगलात मी सागाचे लठ्ठे मोजायच्या कामावर होतो. विश्रामगृहात माझ्या शेजारच्या खोलीत मुंबईचा एक पियानोवादक येऊन राहिला होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोणी बोलू लागलं की तो मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायचा.

दोन साथीदारांबरोबर त्याने जॅझची एक तबकडी काढली होती. एका समीक्षकाने लिहिलं, की हा वादक मध्येच इतका थांबतो की उठून गेल्यासारखा वाटतो. तेव्हापासून याने पियानोला हात लावला नव्हता.

"न ऐकताच लिहिलंय त्याने," तो मला सांगायचा.

एका दुपारी त्याने ती तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर लावली. स्वयंपाकाच्या बाई चहा घेऊन आल्या आणि दाराशीच थांबल्या.

"काऊन भाऊ, हा वाजवणारा मधातच उठून जाते का?"

तो बराच वेळ हसत राहिला. मग मला म्हणाला, "म्हणजे त्याने ऐकलं होतं."

त्याने तबकडी पुन्हा लावली. मध्येच पियानो थांबला तेव्हा त्याने टेबल जवळ ओढलं आणि ती मोकळी जागा तो बोटांनी वाजवू लागला.