भागाबाईच्या फळ्या

भागाबाई फळीवरून तळहात फिरवायची तेव्हा डोळे मिटून घ्यायची. धरणाच्या काठी साहेबलोकांचा बंगला होता आणि त्याच्या मागे, थेट पाण्यावर निघालेली सागवानी फळ्यांची उघडी माची. ऊनपाऊस सगळा तिच्या अंगावर. पावसाळा सरला की फळ्या पांढुरक्या पडायच्या, त्यांची कुसळं उभी राहायची. मग भागाबाई काचेच्या तुकड्याने एकेक फळी खरवडायची, पॉलिशकागदाने घासायची आणि दिवाळीच्या आत तेल पाजून मोकळी व्हायची.

माझे यजमान तिथे ओव्हरसियर होते; आमचं घर बंगल्याला लागूनच. लग्न होऊन मी थेट त्या डोंगरात, संगमनेर-अकोल्याच्याही पलीकडे, येऊन पडले होते. बोलायला माणूस म्हणजे बंगल्याची झाडलोट करणारी ही एक बाई, आणि तीही माझ्यापेक्षा फळ्यांशीच जास्त बोलायची.

“एवढं गुळगुळीत कशाला करता? साहेब तर बूट घालून फिरतात,” मी एकदा चेष्टेने म्हणाले.

“सायबाचं कोन बघतंय, वैनी? अनवानी पाय यायचा हाय.”

कुणाचा पाय, ते मला यजमानांकडून कळलं. भागाबाईचा नवरा बंगल्याचा होडीवाला होता. एका श्रावणात वादळात होडी उलटली. होडी मिळाली, माणूस मिळाला नाही. निघताना वहाणा त्याने माचीच्या शेवटच्या फळीवर काढून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. भावकीने दहावं करू म्हटलं, तर भागाबाईने त्यांना वाटेला लावलं. “आधी मानूस दावा, मग पिंड ठिवा,” म्हणाली. कपाळावरचं कुंकू तिने पुसलं नाही.

मी तशी भित्री नाही. पण दिवेलागणीला ती माचीवर बसून, “त्यास्नी कोरड्यासात मीठ कमीच लागतं,” असं सहज बोलून जायची, तेव्हा माझी नजर आपोआप पाण्याकडे जायची. पायरीवर पाणी चुबकलं तरी अंगावर काटा यायचा. घरात येऊन मी दार लावून घ्यायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

बहात्तर साली पावसाने तोंड फिरवलं. पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं, काठाचा गाळ वाळून तडकला, माचीच्या पायऱ्या अधांतरी लोंबू लागल्या. येणारा-जाणारा गाळाकडे चोरून बघायचा. काय दिसेल म्हणून बघतो, ते कुणी बोलत नव्हतं. भागाबाई तेवढी खाली बघत नसे. ती फळ्या खरवडत होती.

“औंदा चढून येताना दम लागंल त्यास्नी,” एवढंच ती म्हणाली.

तेल मात्र सरकारी खात्याकडून आलं होतं. संगमनेरच्या घाण्यावरचं जवसाचं तेल, एक डबा. त्यात टर्पेंटाइन मिसळून ती फळ्यांना लावायची. टर्पेंटाइन पडेपर्यंत ते खायचंच तेल, पडलं की फक्त लाकडाचं. दिवाळी तोंडावर आलेली. तिने डबा माचीवर मांडला, टर्पेंटाइनच्या बाटलीचं बूच काढलं, आणि तेवढ्यात दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक म्हातारी वाटी घेऊन पुढ्यात उभी राहिली.

“सून बाळंत झालीया,” म्हातारी म्हणाली. “लेकराची टाळू भरायला बोटभर तेल न्हाई घरात. सूनबी रेशनच्या मिलो जवारीची भाकर कोरडीच खाती.”

भागाबाईने बाटली हातातच धरली. मी दारात उभी होते. ती शेवटच्या फळीकडे बघत राहिली, मग पहिल्यांदाच, खाली वाळलेल्या गाळाकडे. मग तिने बूच घट्ट बसवलं आणि अख्खा डबा म्हातारीकडे सरकवला.

“न्या. लेकराला लावा, सुनंला खाऊ घाला.” आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्ये गेलं, वैनी. लई दिस झालं जाऊन.”

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे पहिल्यांदा निघालं. म्हातारीला काहीच कळलं नाही. ती आशीर्वाद देत निघून गेली. संध्याकाळी यजमान त्या कोरड्या फळ्यांवरून बूट वाजवत गेले, थांबले, आणि म्हणाले, “तेल छान लागलंय हो, भागाबाई.” नियमाचा एवढा काटेकोर माणूस! मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

दिवाळीच्या सकाळी भागाबाईचं कपाळ मोकळं होतं. नंतर ती कळस गावी भावाच्या घरी राहायला गेली. वहाणा तिने फडक्यात बांधून नेल्या. जाताना मला म्हणाली, “फळ्या तेवढ्या बघा. मला आता कुनाची वाट न्हाई, पर लाकडाला काय ठावं?”

पुढच्या वर्षी पाऊस पडला, पाणी पायऱ्यांना लागलं, तेलाचा डबा आला. काम करायला नवा गडी होता, तरी चिंधी मी माझ्या हातात घेतली. शेवटच्या फळीशी आले आणि तळहात आपोआप कुसळं शोधत फिरायला लागला. खालच्या पायरीवर पाणी चुबकलं. या वेळी मी उठून घरात गेले नाही. डोळे मिटून घेतले आणि फळी पुन्हा पहिल्यापासून चाचपली.