प्रकृती स्थिर आहे

नाहूरला आमच्या इमारतीत राहणारे चंद्रप्रकाश सरमळकर मुलुंडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. वडील गिरणीत होते, मुलगा सांख्यदर्शनात रमला. निवृत्तीनंतरही दर शनिवारी ते वाचनालयाच्या हॉलमध्ये पाचपंचवीस लोकांना शिकवत. विषय एकच, निसर्ग. सगळं मोजून झाल्यावरही निसर्गाबद्दल काय विचारायचं उरतं, हा त्यांचा आवडता प्रश्न. सांख्यांची प्रकृती समजावताना ते खिडकीतून येऊरच्या डोंगराकडे बोट दाखवत. ती सगळी उलाढाल म्हणजे प्रकृती, आणि काहीही न करता ती बघणारा तो पुरुष.

त्यांची बायको मालन मालवणकडची. ती यावर हसायची. "तुमचो पुरुष नुसतो बघीत बसता, आणि माझी प्रकृती भांडी घासता. ह्यां बरां!"

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बांगडे साफ करता करता मालन ओट्यापाशीच कोसळली. मेंदूत गुठळी. शेजारच्यांनी रिक्षात घालून हॉस्पिटलला नेली. अंधेरीहून मुलगी नेत्रा धावत आली, तोवर मालनला आयसीयूत घेतलं होतं.

दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या. म्हणाल्या, "प्रकृती स्थिर आहे."

नेत्राने सुटकेचा श्वास सोडला. सरमळकर मात्र पांढरेफटक पडले.

"बाबा, स्थिर म्हणजे चांगलं ना! असं काय करताय?"

आयुष्यभर त्यांनी शिकवलं होतं की प्रकृती स्थिर नसतेच. तिचे सत्त्व, रज, तम हे तिन्ही गुण सतत एकमेकांना ढकलत असतात, म्हणून तर जग दिसतं. ते गुण समतोल झाले की सगळं मिटतं, त्यालाच प्रलय म्हणतात. फळ्यावर किती वेळा लिहिलं होतं हे. डॉक्टरांचा शब्द साधा आहे, हे त्यांनाही कळत होतं. पण भीती काही ऐकेना. बाकावर ते नुसते हात चोळत बसले. चहा आणला तो तसाच गार झाला.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा म्हणाल्या, "स्थिरच आहे." तेव्हा सरमळकर उठून त्यांच्या वाटेत उभे राहिले.

"स्थिर म्हणजे नक्की काय?"

"बीपी, नाडी, ऑक्सिजन, सगळं ठीक आहे काका."

"ते तुम्ही मोजलंत. ती कशी आहे?"

डॉक्टर चिडतील असं नेत्राला वाटलं. पण त्यांनी हातातली फाईल मिटली. "माझ्याकडे आकडे आहेत काका. ते आत्ता वाईट नाहीत. पुढचं मलाही माहीत नाही. तुम्ही आत जाऊन या."

आत मालन डोळे मिटून पडली होती. सरमळकरांनी तिचं मनगट धरलं. नाडी लागली, जोरात, धडधड. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग वर मशीनकडे लक्ष गेलं. तिथला ठोका संथ होता. बोटाखालचा त्याच्याशी जुळेचना. आपण मोजतोय ती नाडी आपलीच, आपल्याच बोटातली, हे त्यांच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांचा तो अलिप्त बघणारा तिथे कुठेच नव्हता. होतं ते घाबरलेलं रक्त.

त्यांनी बोट सरकवलं. पुन्हा सरकवलं. शेवटी अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी हललं, अगदी बारीक, आणि त्यांच्या ठोक्याहून वेगळं. नर्स म्हणाली, "काका, वेळ झाली." तरी ते बोट काढेनात. तिलाच ते सोडवावं लागलं.

मालन वाचली. डावा हात लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं. ती घरी आली तरी सरमळकरांची धास्ती काही गेली नाही. दुपारी ती झोपली की ते तिच्या नाकाशी हात धरून बघत. ती जागी असेल तर ओरडायची.

वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच शनिवारी कुणीतरी विचारलं, "सर, मग निसर्ग म्हणजे शेवटी काय धरायचं?"

सवयीने त्यांचा हात वर गेला, आणि थांबला. "आधी मी बाहेर बोट दाखवायचो," ते म्हणाले. "आता कुठे दाखवू, कळत नाही. बाहेर नाही, एवढं खरं. पण माझ्या आत म्हणावं, तर तिथेही फसगत होते."

मध्येच त्यांनी घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. "माफ करा," म्हणत ते पिशवी तशीच टाकून निघाले. रिक्षात बसल्यावर तिसऱ्यांदा लावायचं धाडसच झालं नाही.

दार उघडून ते थेट गॅलरीत गेले. मालन ओली चादर एका हाताने पिळायचा प्रयत्न करत होती. पाणी सगळं पायावर.

"इतक्या लवकर कित्याक इल्यात?" ती अडखळत म्हणाली.

ते धापा टाकत दाराला टेकले.

"उभे काय? ह्यां टोक धरा."

त्यांनी टोक धरलं. ती एकीकडून, ते दुसरीकडून, असं दोघं पिळत राहिली.