सानाची मुलगी

सानाच्या विमानतळावर मी हसत होते. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला, म्हणाली, "हसतेस काय? लोक रडतायत." खरंच रडत होते. बायका, नर्सेस, मोठे मोठे पुरुषही. पण मी सतरा वर्षांची होते. कितीतरी दिवस आम्ही इमारतीच्या तळघरात झोपत होतो, आणि आता अंगावर ऊन होतं. त्या दिवसांत विमानं नुसती ऐकू यायची. बॉम्ब टाकून निघून जायची. आमच्यासाठी थांबलेलं विमान मी पहिल्यांदाच बघत होते. भारतात गेले की स्कूटी शिकायची, हे मी रांगेत उभी असतानाच ठरवलं होतं.

बाबा सानातल्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे मशीन दुरुस्त करायचे. मी जन्मले तीही सानातच. येमेनची राजधानी, डोंगरांच्या मधोमध, खिडक्यांवर रंगीत काचांच्या कमानी. घराबाहेर आम्ही सगळे अरबी बोलायचो. आईचा एकच नियम होता: "उंबऱ्याच्या आत मराठी." त्यामुळे चपला काढता काढता भाषा बदलायची सवय मला फार लहानपणीच लागली.

२०१५ च्या त्या युद्धात भारतीयांना बाहेर काढणाऱ्या विमानांना उड्डाणाची परवानगी थोड्या तासांचीच होती. समुद्रापलीकडचं जिबूती, तिथून मुंबई, मग टॅक्सीनं नाशिक, काकांचं घर. सगळे म्हणायचे, "परत आलात, बरं झालं." आई-बाबा परत आले होते. मी मात्र नाशिकला फक्त मे महिन्याच्या सुट्टीत गेलेली. कॉलेजात माझ्या तोंडून 'चला'च्या जागी 'यल्ला' निघालं की पोरी हसायच्या. मीही हसायचे. स्कूटी शिकले, मिसळ खायला शिकले, आणि हळूहळू अरबी बोलायची थांबले. बाबाही थांबले. सानात ते भाजीवाल्याशीसुद्धा अर्धा तास गप्पा मारायचे. नाशिकात एका स्कॅन सेंटरमध्ये नोकरी लागली, पण घरी आले की गप्प बसून बातम्या बघायचे. येमेनचं नाव आलं की चॅनल बदलायचे.

२०२० च्या फेब्रुवारीत मी मास्टर्ससाठी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला आले. मॉसन लेक्स या उपनगरात युनिव्हर्सिटीच्या जवळच एका शेअर हाऊसमध्ये खोली मिळाली. शेजारच्या खोलीत सिमरन होती, लुधियानाची, नर्सिंगची स्टुडंट. कॅफेमध्ये शिफ्ट मिळाल्या, तळ्याकाठचे पेलिकन बघून झाले, आणि काही आठवड्यांत सगळं बंद. कॅफे बंद, क्लास ऑनलाइन, बॉर्डर बंद. त्या रात्री बाबा फोनवर म्हणाले, "युद्धातून तुला आणली मी. आता या आजारातून आणता येत नाही." मी म्हटलं, "बाबा, इथे कुणी बॉम्ब टाकत नाहीये, नो वरीज." ते हसले नाहीत.

रिकामा वेळ खायला उठला होता. एक दिवस सिमरननं मोबाईल पुढे केला. जवळच्या एका कम्युनिटी सेंटरला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन करणारी मुलं हवी होती. वेगवेगळ्या भाषांची. "तेरी तो अरबी है ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, गंजली असेल. "तो घिस ले," म्हणाली.

पहिलाच नंबर मिळाला तो उम्म खालिद, म्हणजे खालिदची आई, यांचा. येमेनच्या एवढंच कळलं होतं. मी शाळेच्या पुस्तकातल्या अरबीत सुरुवात केली: तब्येत कशी आहे, औषधं आहेत का, नाश्ता झाला का. त्या तुटक उत्तरं देत होत्या. नाश्त्याला नुसती ब्रेड खाल्ली म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर गिशर नाही केलात?" गिशर म्हणजे कॉफीच्या सालांचा आलं घातलेला काढा. शुद्ध अरबीत त्याला किशर म्हणतात. 'ग' लावून बोलतात ते आमच्या सानात.

त्यांनी ब्रेडचं बोलणं तिथेच सोडलं. मग त्यांनी विचारलं, "पोरी, तू कुठली?"

"सानाची," मी म्हटलं.

आजवर हे मी कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, "म्हणजे मूळची कुठली?" त्यांनी तो विचारला नाही. नाव विचारलं. मी समीरा सांगितलं. मराठीत वाऱ्यावरून ठेवलेलं नाव, पण अरबीत समीरा म्हणजे गप्पांची सोबतीण. त्या खुदकन हसल्या. "मग बस आणि बोल," म्हणाल्या.

त्यानंतर मी रोज सकाळी चहाचा मग घेऊन खिडकीत बसायचे. सेंटरनं आठवड्यातून एक फोन सांगितला होता, पण आमचं कुठलं आठवड्यावर भागतंय. त्या जुन्या शहरातल्या. नवरा युद्धात गेला. दोन देशांतल्या छावण्यांमध्ये राहून इथे आल्या, आणि मुलगा खालिद अजून जॉर्डनमध्ये व्हिसाची वाट बघत होता. त्या माझं व्याकरण सुधारायच्या. सलता, म्हणजे आमच्याकडचा मटणाचा रस्सा, कशी उकळती वाढायची ते सांगायच्या. मला ओठांवर शब्द परत येताना जाणवायचे. भाजी चिरताना मी आता अरबीत पुटपुटते, हे सिमरननंच मला सांगितलं. मी मूळची भारतीय आहे हा विषय कधी निघाला नाही. मी येमेनीच आहे असं त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि मला ते तसंच राहू द्यावंसं वाटत होतं.

जुलैमधल्या एका रविवारी दुपारी, इथल्या बोलीत आर्वोला, त्यांचाच फोन आला. आवाज बारीक. "समीरा, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय." मी सिमरनला हाक मारली. तिनं तिच्या फोनवरून ट्रिपल झिरो, इथला इमर्जन्सी नंबर, लावला आणि स्पीकरवर टाकला. दोन फोन टेबलावर, मधे मी. ऑपरेटर इंग्लिशमध्ये विचारत होती, मी अरबीत सांगत होते, उत्तर परत इंग्लिशमध्ये देत होते. दार उघडता येईल का? ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का? घाम येतोय का? सिमरन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवत होती की त्यांना आधी दाराची कडी काढायला सांग, मग बसव. मी सांगितलं. कडी निघाल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "तू बोलत राहा." मी बोलत राहिले, काय ते आठवत नाही, आमच्या गल्लीबद्दल असावं. दारात बुटांचे आवाज आले आणि एका माणसानं फोन उचलून मला सांगितलं, "वी'व गॉट हर, मेट."

हॉस्पिटलमध्ये कुणाला सोडत नव्हते. दुभाषी लाइनवर येईपर्यंत डॉक्टर फोनवर माझ्यामार्फतच त्यांच्याशी बोलले. स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा पहिला शब्द होता, "सूप बेचव आहे." मी स्वयंपाकघरातच नाचले. सिमरननं भांगड्याचे दोन ठेके धरले.

सप्टेंबरात, इथल्या स्प्रिंगमध्ये, त्यांनी जेवायला बोलावलं. आता भेटायला बंदी नव्हती. बसमध्ये मात्र मला परत फिरावंसं वाटत होतं. त्यांना सानाची मुलगी दारात हवी होती, आणि जाणार होती नाशिकच्या कुलकर्ण्यांची समीरा, कपाळावर टिकली लावलेली. टिकली काढावी असं एकदा मनात आलं. नाही काढली.

दार उघडलं. ठेंगण्या, काळ्या स्कार्फमधल्या, डोळे बारीक करून बघणाऱ्या. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"हिंदी?" त्यांनी विचारलं. अरबीत भारतीयाला हिंदी म्हणतात.

"आई-बाबा भारतातले. मी सानात जन्मले. बाबा हॉस्पिटलमध्ये मशिनं दुरुस्त करायचे."

त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "तरीच," म्हणाल्या, "तुझं व्याकरण इतकं वाईट." आणि मला ओढून कवटाळलं. अंतर ठेवायचं असतं हे आम्ही दोघीही विसरलो.

जेवताना आईचा व्हिडिओ कॉल आला. "जेवलीस का?" मी फोन फिरवून ताट दाखवलं, मग उम्म खालिदांना दाखवलं. आईनं कसाबसा अरबीत सलाम केला आणि मागे वळून हाक मारली, "अहो, इकडे या." बाबा चष्मा पुसत आले. उम्म खालिदांनी हॉस्पिटल कुठलं ते विचारलं. बाबांनी सांगितलं, आधी अडखळत. मग बाबांनीच समोरच्या बेकरीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, बेकरी मशिदीच्या उजवीकडे. बाबा म्हणाले, डावीकडे, मी रोज खुब्ज आणायचो. झालं, वाद पेटला. पाच वर्षांत बाबांना मी इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. हात हलवत होते, मान डोलवत होते, मधेच मोठ्यानं हसत होते. आई पदर तोंडाला लावून त्यांच्याकडे बघत होती.

त्या विमानात माझ्याबरोबर बसलेल्यांनो, तुम्ही आता कुठे कुठे आहात मला ठाऊक नाही. मला विचाराल, तर घर आता मला कुठल्या एका गावात सापडत नाही. ते त्या दुपारी साधारण फोनएवढ्या जागेत होतं, नाशिक, साना आणि ॲडलेड एकमेकांचं बोलणं तोडत होते, आणि कुणालाच थांबायचं नव्हतं. माझा हात भरून आला. मी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि धरून ठेवला.