चंदूच्या भुवईवरचा वण

आधीच सांगते, मी देव मानते, पण भूतखेत, आत्मा वगैरे ऐकलं की मला हसू यायचं. लिंबू-मिरची ओलांडून बिनधास्त जाणारी मी! त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा ऑकवर्ड होतंय. पण जे झालं ते झालं...

साल त्र्याऐंशी असावं. घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर एक फोटो स्टुडिओ होता. तिथे मी रिटचिंग करायचे, म्हणजे जुन्या फोटोवरून मोठी प्रिंट काढायची आणि बारीक ब्रशने डोळे, केस, कपडे नीट रंगवायचे. गेलेल्या माणसांचेच फोटो जास्त यायचे.

डिसेंबरच्या सुरुवातीला भटवाडीतून पार्वतीमावशी आल्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, तोही वारलेला. एकुलता एक मुलगा चंदू एकाहत्तरच्या लढाईत गेला. आता त्यांच्या वस्तीतलं मंडळ वाचनालयात त्याचा फोटो लावणार होतं. पण फोटो होता कुठे? भरती होण्याआधीचा एका लग्नातला ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत चंदू. चेहरा नखाएवढा.

"युनिफॉर्म घाल गो बाय त्येका," मावशी म्हणाल्या. "वर्दीत मी त्येका एकदाच बघलंय."

चार दिवस खपून मी फोटो पूर्ण केला. मग लांबून पाहिलं तर डाव्या भुवईत एक तिरका वण. मधले केस गायब, जणू कातडी फाटून शिवलेली. मी तो काढला नव्हता! भिंग लावून मूळ फोटो तपासला... भुवई अखंड. हात चुकला असेल म्हणून मी केस भरले. सकाळी येऊन बघते, तर वण तिथेच. रंग धरला नसेल, म्हणून पुन्हा भरले. पुन्हा तेच.

शनिवारी मावशी फोटो न्यायला आल्या आणि बघताच मागे सरकल्या.

"ह्यो वण खयसून इलो? नाय गो, माझ्या चंदूक असो वण नव्हतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना शेजारी बसवून, त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक केस रंगवला. "आता बघा मावशी."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "हां. आता माझो चंदू." फोटो वाळला, काच बसवली, फ्रेम मागून चिकटपट्टीने बंद केली. आमच्या मालकांनीच ती रिक्षाने वाचनालयात पोचवली.

रविवारी सकाळी दहाला कार्यक्रम. मावशींच्या आग्रहाने मीही गेले. चाळीस-पन्नास माणसं, हार, उदबत्ती. मावशींनी स्वतः फोटोवरचं कापड ओढलं.

वण होता.

काचेच्या आत, स्पष्ट. मावशींनी वळून माझ्याकडे बघितलं... रागाने नाही, दुखावून. ते जास्त लागलं. मी "मावशी, शप्पथ..." एवढंच म्हणू शकले.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक गृहस्थ उठले. काठी टेकत पुढे आले. मंडळाने चंदूच्या पलटणीला पत्र पाठवलं होतं, ते वाचून साताऱ्याहून आलेले रिटायर्ड हवालदार. मावशींना ते आजवर कधी भेटले नव्हते. फोटोसमोर येऊन त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि मग भुवईवर त्यांची नजर थांबली.

"ही जखम तुम्हाला कुणी सांगितली?"

मी मावशींकडे बघितलं.

"दारूगोळ्याची पेटी उतरवताना लागलं त्याला. तीन टाके पडले. मीच त्याचं डोकं धरून बसलो होतो. त्यानंतर आठव्या दिवशी तो..." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मला म्हणाला, माझ्या आईला कळवू नका, ती जेवायची नाही. म्हणून नाही कळवलं, आई. बारा वर्षं ते मनात राहिलं."

मावशी फोटोजवळ गेल्या. काचेवरून भुवईवर बोट फिरवलं.

"लय दुखला काय रे तुका?"

अख्ख्या हॉलमध्ये कोणाचे डोळे कोरडे नव्हते. मंडळाच्या अध्यक्षांनी लिहून आणलेलं भाषण घडी घालून खिशात ठेवलं. मावशींनी हवालदारांना खाली सतरंजीवर बसवलं आणि विचारत राहिल्या. तो काय खायचा, थंडीत त्याला पांघरूण पुरायचं का, हसायचा का... बारा वर्षांपूर्वीच्या तारेत चार शब्द होते, त्यापलीकडे त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. दुपारचे दोन वाजले तरी दोघं बोलत होते. जाताना हवालदारांनी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

नंतर मी पुष्कळ डोकं चालवलं. दमट हवा, कागद, केमिकल... रंग का उडाला याची कारणं देता येतील. पण बंद काचेआड तो नेमका त्याच जागी, त्याच आकारात कसा उडाला? आणि मुळात तो वण पहिल्यांदा काढला कोणी? ब्रश माझ्याच हातात होता, हे मला मान्य आहे. त्यापुढे मला आजही काही सांगता येत नाही.