मामा झाड बघायला जातात

आमच्या मामांना पहिल्या फेरीत काही विकू शकेल असा दुकानदार सोलापुरात अजून जन्माला यायचा आहे. कुठलीही वस्तू नुसती चांगली नसते, ती दुसऱ्या कशापेक्षा तरी चांगली असते, आणि ते दुसरं डोळ्यांनी बघून आल्याशिवाय पहिलीचा भाव विचारण्यातही अर्थ नाही, असा त्यांचा सिद्धान्त आहे. नवी पेठेत चादर घ्यायला गेले, तर दुकानदार गादीवर चादरींचा ढीग घालेपर्यंत ते गप्प बसतात आणि मग शांतपणे विचारतात, समोरच्या दुकानात यापेक्षा बरं काय मिळेल? एकदा एका दुकानदाराने थकून खरं उत्तर देऊन टाकलं. मामांनी त्याचे मनापासून आभार मानले, समोर गेले आणि तिथेही हेच विचारलं. ती चादर अजून यायची आहे. या सिद्धान्ताला मामांच्या आयुष्यात एकच अपवाद झाला, तो पुढे येईलच.

मामा मूळचे मंद्रूपचे. एका शाळेत कारकुनी करून निवृत्त झाले आणि सात रस्त्याच्या पलीकडे एका छोट्या प्लॉटवर त्यांनी घर बांधलं. ते कसं बांधून झालं हे गवंड्याला विचारावं. तो अजून त्या गल्लीतून जात नाही. मामांचं आवडतं वाक्य म्हणजे ‘चांगलं हाय, पण...’. मामींनी आमटी वाढली की पहिला भुरका मारून मामा म्हणतात, ‘चांगली हाय, पण...’ आणि मामी तिथल्या तिथे वाटी उचलून आत नेतात. त्यामुळे त्या ‘पण’च्या पुढे काय असतं, हे आमच्या घराण्यात आजवर कुणालाच कळलेलं नाही. कलिंगडवाल्याकडे मामा एकेक कलिंगड कानाशी धरून इतका वेळ वाजवत बसले होते, की त्या बिचाऱ्याने शेवटी त्यांना आपलं स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला.

तर या घरासमोर, फाटकाच्या आत, एका झाडापुरती जागा रिकामी होती. मामींना तिथे कढीपत्ता हवा होता. पण त्या वर्षी मामांची एकुलती एक मुलगी, म्हणजे आमची ताई, पुण्याहून आली. चार दिवसांसाठी आले म्हणाली. मग बॅगा पलंगाखालून माळ्यावर गेल्या आणि कुणी काही विचारलं नाही. ताई फारशी बोलत नसे. एके सकाळी पायरीवर बसून चहा पिताना ती म्हणाली, इथे एखादं फुलाचं झाड असतं तर बरं वाटलं असतं. सासर सोडून आल्यापासून तिने मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मामींनी कढीपत्त्याचा विषय तिथेच सोडला आणि मामांनी पायात चपला सरकवल्या.

रोपवाटिकेतल्या माणसाने दोन नावं सांगितली, बहावा आणि ताम्हण. दोन्ही आपल्या मातीतली, दोन्ही उन्हाळ्यात फुलणारी, एक पिवळा, एक जांभळं. दुसरा कुणी असता तर एक उचलून घरी आला असता. मामा दोन्ही रोपं घेऊन आले, एकाच्या बोलीवर. नापसंत पडेल ते परत करायचं. रोपं घरात राहू देत, स्वभाव कळेल, असं त्यांचं म्हणणं. शिवाय मोठेपणी कसं दिसतं ते बघितल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. झालं, झाडं बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. मी त्यात मध्यस्थ, कारण माझ्याकडे स्कूटर आहे.

पहिला बहावा एका निवृत्त ओव्हरसियरच्या अंगणात होता. मामा इस्त्रीची टोपी घालून, ओळख ना पाळख, रविवारी सकाळी त्यांच्या दारात उभे. झाड बघायला आलोय म्हटल्यावर त्या भल्या माणसाने आत बसवलं, बायकोने चुरमुऱ्यांचा सुशीला पुढे ठेवला आणि मामांनी चौकशीला सुरुवात केली. वय काय? रोप कुठून आणलं? कधी आजारपण? शेंगा गळून कुणाच्या डोक्यात पडल्यात का? त्यांच्या बोलण्यात एवढा गंभीरपणा होता, की ओव्हरसियरही हळूहळू मुलीच्या बापासारखे आवाज खाली आणून बोलायला लागले. झाड तेव्हा ऐन बहरात होतं. पिवळ्याधमक फुलांचे झुबके वरपासून खालपर्यंत लोंबत होते आणि त्या रखरखीत उन्हात डोळे निवत होते. मामा झाडाभोवती दोनदा फिरले. ‘चांगला हाय, पण...’ म्हणाले, आणि इथे वाटी उचलायला मामी नसल्यामुळे पुढचं वाक्य मला पहिल्यांदा ऐकायला मिळालं. “पण अंगावर पान न्हाय की वो. ऐन उन्हाळ्यात उघडा उभा ऱ्हातोय.” मग ताम्हण असं करत नाही, हेही त्यांनी यजमानांना समजावून सांगितलं. ओव्हरसियरांनी आम्हाला दुसरा चहा विचारला नाही.

ताम्हण सापडलं ते एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या आवारात. मामा पेशंटांच्या बाकावर रीतसर बसले. नंबर आल्यावर आत गेले. बाईंनी काय त्रास होतोय विचारलं, तर म्हणाले, मला काही नाही, तुमच्या ताम्हणाची चौकशी होती. बाई मोठ्या मनाच्या निघाल्या. त्यांनी सांगितलं, झाड देखणं, फुलं उभ्या तुऱ्यांनी येतात, थंडीत पानांना तांबूस रंग चढतो. फक्त पाण्याचं लाडावलेलं आहे, लहानपणी तर रोज पाजावं लागतं. परतीच्या वाटेवर मामा मागच्या सीटवरून माझ्या कानात सारखं तेच सांगत होते. आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं आणि कधी नाही, याचा नेम नाही. हे रोज कोण पाजणार? आज आहे, उद्या नाही, असं झालं तर त्या झाडाचे हाल.

मग हे चालूच राहिलं. उन्हाळा गेला, दुसरा आला. अंगणात झाडासाठी खणून ठेवलेला खड्डा तोंड वासून पडला होता. त्यात एकदा पेपरवाला पडला, एकदा मी. दोन्ही रोपं काळ्या पिशव्यांत वाढत होती, आणि मामा त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसत, कधी याच्याकडे तोंड करून, कधी त्याच्याकडे. ताई दोघांना पाणी घालायची. रोपवाटिकेतला माणूस एकदा येऊन बघून गेला आणि म्हणाला, मुळं पिशवीत गोल फिरायला लागलीत. आता जमिनीत गेली नाहीत तर दोन्ही हातची जातील. त्यावर मामांनी टोपी चढवली आणि मला हाक मारली. मंद्रूपला एक जुना बहावा असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

तेव्हा मामी उंबऱ्यात आल्या. हातात परात, कणकेने भरलेली बोटं. “पोरीचं स्थळ एका दुपारी पसंत केलं तुमी. आन् झाडाला किती उन्हाळे लावायलाय?”

हाच तो अपवाद. शाळेतल्याच कुणीतरी स्थळ सुचवलं होतं. मामा गेले, सरबत प्याले, नोकरी कायम आहे का एवढं विचारलं आणि हो म्हणून आले. चादर घ्यायला दहा दुकानं हिंडणारा माणूस त्या दिवशी भारावून गेला होता. कसा, ते त्यांनाही सांगता येत नाही.

मामांनी टोपी काढली. बराच वेळ तिची घडी नीट करत बसले. मग खाली बघत म्हणाले, “तवा इचारलं न्हाय, म्हणूनच आता इचारतोय.”

मामींनी परात खाली ठेवली. ताई आतून आली. तिने पदर खोचला, ताम्हणाची पिशवी फाडली, गोल झालेली मुळं बोटांनी हळूहळू सोडवली आणि रोप खड्ड्यात उभं केलं. मामा घाईने उठले. त्याला पाणी लई लागतं, असं काहीतरी पुटपुटले.

“घालते की, अप्पा,” ताई माती ओढत म्हणाली. “मी हितंच हाय.”

बहावा परत द्यायचा, तो मामांनी माझ्या दारात आणून लावला. नापसंत म्हणून परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. दर रविवारी ते टोपी घालून त्याला बघायला येतात, आमच्या घरी सुशीला खातात आणि मला त्याच्याबद्दल चार गोष्टी ऐकवतात. ताईने आता गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या धरल्यात. नळ आला की तिची पहिली बादली अजूनही झाडाला असते.

यंदा ताम्हणाला पहिला तुरा आला, एकच, तोही फाटकाच्या बाजूला कललेला. मी मुद्दाम खोडी काढायला गेलो. म्हटलं, मामा, आमच्या बहाव्यापेक्षा कसं काय? मामांनी तुऱ्याकडे बघितलं. मग बुंध्याशी बादली रिती करणाऱ्या ताईकडे बघितलं, आणि तिच्याकडेच बघत राहिले.

“चांगलं हाय,” म्हणाले.

मी ‘पण’ची वाट बघत उभा राहिलो. मामीही दारात थांबल्या होत्या. मामांनी ताईच्या हातातली रिकामी बादली घेतली आणि ती भरायला नळाकडे गेले.