तळाचा चौकोन

मुलांनो, भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. तरी एका स्तंभालेखाची मला अजून भीती वाटते.

साठच्या दशकात बोईसरजवळच्या पाम गावी मी मुलींच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवत असे. भिंतीवर हजेरीचा तक्ता लावला होता, प्रत्येक वाराचा एक उभा खांब. मुलगी आली की तिने लाल पेन्सिलीने एक चौकोन रंगवायचा, खालून वर. पहिली येईल ती तळाला, शेवटची टोकाला.

शाळा झाडणाऱ्या मावशींची मुलगी आईबरोबर सर्वांत आधी यायची. तळाचा चौकोन कायम तिचा. पावसाळ्यात ती तापाने गेली. काही दिवसांनी मावशी पुन्हा कामावर आल्या, आणि तक्त्यातला खांब पटावरच्या हजेरीपेक्षा रोज एकाने उंच भरू लागला. मी मुलींना रागावले.

"आमी नाय, बाई!"

तपासणीच्या दिवशी मी लवकर गेले. मावशी झाडू बगलेत धरून तळाचा चौकोन रंगवत होत्या.

"मावशी, आकडा चुकतो हो माझा."

"ती सगल्यांच्या आदी यायची, बाई. तिची जागा दुसरीनं घेतली तर ती बसंल कुटं?"

त्यांच्यादेखत तो चौकोन खोडायला माझा हात उचलेना. वर्ग भरल्यावर मी टोकाचा खोडला. बेरीज तीच येते, असा हिशेब केला. तपासणीला आलेल्या साहेबांनी पट आणि खांब ताडून पाहिले. "अगदी चोख," म्हणाले.

ते जाताच सर्वांत उशिरा येणारी मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, माजा कशाला पुसला? मी हाय ना हितं!"

"तू मेलीस!" मागून कुणीतरी ओरडले. वर्ग खो खो हसला.

मी लगेच तिचा चौकोन रंगवायला घेतला, पण घासलेला कागद रंग धरेना.

त्यानंतर ती दारात दिसेपर्यंत मी हजेरी सुरू करत नसे. "घंटा कवाच झाली, बाई," मुली म्हणायच्या. एक दिवस ती आलीच नाही. मधल्या सुट्टीत मी बेटेगावच्या वाटेने तिच्या घरी जवळजवळ धावत गेले. ती अंगणात चिंचा खात बसली होती. घरात काकाचे लग्न होते.

"काय झालं, बाई?" तिच्या आईने घाबरून विचारले.

मी प्यायला पाणी मागितले.